बाय, फायनलच्या आधी का उठलात?

बाय, आधी माझ्या मूर्खपणाची कबुली देते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी होईन. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "कुठल्या? पुष्कळ आहेत." तर पहिल्या. सुकटीच्या.

लग्न होऊन तुमची वहिनी झाले त्याला जेमतेम महिना झाला होता. हातात हिरवा चुडा, डोक्यात अक्कल नाही. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात तुम्ही तुमच्या शाळेच्या पोरींची आणि गावच्या पोरींची फुटबॉलची मॅच लावली होती. पंच मिळाला नाही म्हणून शिट्टीही तुमच्याच गळ्यात. गोल म्हणजे दोन बांबू. जाळी कुठून येणार? एका गोलामागे सासूबाईंनी चटयांवर सुकट वाळत घातली होती आणि कावळे हाकायला मला बसवलं होतं. खेळ संपत आला होता, बरोबरी होती, आणि तुमच्या शाळेच्या पोरीने मारलेला बॉल गोलकीपरला चुकवून दोन बांबूंकडे घरंगळत निघाला. अख्खं शेत ओरडायला लागलं. सगळ्यांना गोल दिसत होता. मला दिसत होती सुकट. करंज्याला माझ्या माहेरी सुकटीवरून कोंबडी चालली तरी आई हातात असेल ते फेकून मारायची. मी उठले, बांबूंच्या मधून आत शिरले आणि बॉल रेषेवर यायच्या आत दोन्ही हातांनी उचलला.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण सगळ्या पोरी किंचाळत माझ्या अंगावर आल्या. मला वाटलं, मारायलाच येतायत. बॉल द्यावा तर पुन्हा सुकटीवर मारतील. मग काय, बॉल पोटाशी आवळला आणि पळत सुटले. तेही बाजूला नाही, सरळ त्या पोरींच्या मधून! लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं होतंच. कुणी पदर ओढला, कुणी दंड धरला, दोन बांगड्या फुटल्या. मी बॉल सोडला नाही. शिट्टी तुमच्या ओठांत होती, पण बराच वेळ वाजलीच नाही. शेताचा मध्य ओलांडून गेले तेव्हा वाजली, आणि अशी वाजली की गाडीचे बैल थांबले असते. मी थांबले. बॉल खाली ठेवला आणि तिथेच फतकल मारून रडायला लागले.

तुमच्या पोरीही रडत होत्या. "टीचर, तुमच्या वहिनीमुळे आपला गोल गेला!"

तुम्ही म्हणालात, "वहिनी असो नाहीतर म्हैस, बॉल रेषेपलीकडे गेलेला नाही. गोल नाही."

आणि सासूबाई चटया गोळा करत म्हणाल्या, "सुकट वाचली ना? मंग झाला तर! बांगड्या फोरल्यास त्याचा काय ते बोल."

आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलं बोलतात, चहा घेऊन जातात. मी मान हलवते. पण कालपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्या शेवटच्या रविवारी, रग्बीच्या मैदानावर, फायनल सुरू व्हायच्या आधी तुम्ही एक शब्द न बोलता उठून का गेलात? माझा राग घेऊन गेलात का? पन्नास वर्षांची सोबत, आणि मैदानावर शेवटी मला दिसली ती तुमची पाठ.

सुकटीच्या त्या प्रकारानंतर तुम्ही मला ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सुपात कांदे-बटाटे मांडलेत, मध्ये एक लिंबू ठेवलंत आणि म्हणालात, "बस. कांदे आपले, बटाटे त्यांचे, लिंबू म्हणजे बॉल. आता ऑफसाइड म्हणजे काय ते ऐक." मी ऐकत होते, तोंड उघडं टाकून. बाईमाणसाने चुलीपुढे बसून असलंही काही बोलायचं असतं, हे मला नवीन होतं. तुम्ही नेमक्या रंगात आलात तेव्हा सासूबाई आल्या आणि तुमचा गोलकीपर उचलून कालवणात चिरला. "आता दहा जणींत खेळायचं," तुम्ही म्हणालात, आणि पुढे शिकवत राहिलात.

ऑफसाइड मला कळायला दोन वर्षं लागली. तुम्ही कळायला त्याहून जास्त.

मिठागरावर राबणाऱ्या घरातली पोर, गावात पहिली मॅट्रिक, मग खेळाची मास्तरीण. गावातून पनवेलला एसटीने जायचात, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. बायका दारात येऊन बघायच्या. लग्न केलं नाहीत, त्यावर कुणाला बोलूही दिलं नाहीत. पोरी गोळा करायला तुम्ही घरोघर फिरायचात आणि मी पिशवी घेऊन मागे. एका आईने विचारलं होतं, "पाय मोडला तर पोरीला कोण पत्करणार?" तुम्ही म्हणालात, "मोडला तर माझ्याकडे आणा, मी सांभाळते. नाही मोडला तर मात्र दहावीपर्यंत शिकवा." त्या बाईने पोरीला हाक मारली. मी तुमच्याकडे बघतच राहिले. एवढा मोठा शब्द एखादी बाई असा उभ्या उभ्या देऊ शकते! वर तुमचं कौतुक करायला जावं तर तुम्ही म्हणायचात, "पिशवीतली लिंबं मोज, हाफटाइमला कमी पडतात."

तुमच्या भावाने क्रिकेटपलीकडे कधी काही पाहिलं नाही. पण "बायबरोबर मॅचला जाते" म्हटलं की मला उंबरठा ओलांडायला परवानगी लागायची नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून घसा फुटेस्तोवर ओरडता यायचं. बाय, घरात मी कधी कुणाला "अरे" म्हटलं नव्हतं. मैदानावर पंचाला "आंधळ्या" म्हणाले. तुम्ही माझ्या कमरेला चिमटा काढलात आणि कानात म्हणालात, "बरोबर बोललीस, पण हळू."

एरवी तुमची भाषा शाळेची, स्वच्छ. पण मनापासून खूश झालात की ती गळून पडायची आणि खालची गावची निघायची. पोरींनी गोल केला की "आयला, गेला! गेला गं बॉल!" म्हणून तुम्ही नाचायचात. ती भाषा ऐकायला मिळावी म्हणून मी कितीतरी मॅचना आले असेन. हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आणि मग मी फितूर झाले.

दोष माझा एकटीचा नाही. तुम्हीच मला पाठवलंत. माझी नात सानिका सहा वर्षांची असल्यापासून तुमच्या हाताखाली फुटबॉल खेळली. तुमचा जीव तिच्यात. ती कॉलेजात गेली आणि रग्बी खेळायला लागली. तुम्हाला जेवण गेलं नाही. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मला फोन आला, "गुलाब, उलव्याला जा आणि पोरीला घेऊन ये. तुझं ऐकते ती." मी रिक्षात बसल्या बसल्या भाषण तयार केलं. मोठ्या आजीचा विचार कर, असं काहीतरी, शेवटी थोडं रडायचंही ठरवलं होतं.

उलव्याचा तो प्लॉट तुम्हाला माहीत आहे. चारी बाजूंना अर्धवट इमारती, डंपरची ये-जा, धुळीने समोरचं दिसत नाही. त्या धुळीत चौदा पोरी एकमेकींना भिडत होत्या. मी भाषण विसरले.

दोन पोरींनी एकीला मांड्यांना धरून हंडीच्या थरासारखं वर उचललं आणि तिने आभाळातून बॉल काढला. दुसरी बॉल घेऊन पळाली, तिला पाडलं. पडता पडता तिने तो बॉल, झोपलेलं पोर अंथरुणावर ठेवावं तसा, दोन्ही हातांनी मागच्या मैत्रिणीसाठी ठेवला. स्वतः तोंडावर आपटली, पण बॉल अलगद ठेवला. आणि पुढे जायचं असलं तरी बॉल द्यायचा मागे! पुढे टाकला की चूक. मागे कोण आहे हे वळून बघायलाही वेळ नाही, नुसत्या आवाजावर भरवसा. "आहे गं, आहे मी!" एवढंच मागून ऐकू यायचं आणि बॉल तिच्या हातात पडायचा. इतकी वर्षं खेळ बघितला, पण देवळात गेल्यासारखं मला कुठल्या मैदानावर कधी वाटलं नव्हतं.

परत आले तेव्हा पनवेलच्या तुमच्या घरी तुम्ही चहा टाकून वाट बघत होता.

"आणलीस?"

"नाही."

"मग तीन तास केलंस काय?"

"ओरडले."

तुम्ही गॅस बंद केलात. चहा गाळलाच नाहीत. मग म्हणालात, "काय दिसलं तुला त्यात? एक कारण सांग. एकच." मला सांगता येईना. खेळ चांगला आहे, पोरी शूर आहेत, असलं काहीबाही बोलले. तुम्ही म्हणालात, "हे तर फुटबॉलमध्येही आहे. तुझं कारण सांग." तो प्रश्न तुम्ही चार वर्षं विचारत राहिलात आणि चार वर्षं मी नापास होत राहिले.

भांडणं मात्र झकास झाली. दर सोमवारी सकाळी फोन.

"काय गं, काल किती वेळ धावल्या त्या अंड्यामागे?"

"अंडं म्हणू नका. बॉल आहे तो."

"टप्पा पडला की कुठे उडेल त्याचा भरवसा नाही, तो कसला बॉल?"

"तुमच्या भावाबरोबर संसार केलाय मी. मला सवय आहे."

यावर तुम्ही हसायचात, पण हार मानायचा नाहीत. "पायाने खेळायला अक्कल लागते, गुलाब. हातात काय, माकडसुद्धा धरतं." मग मीही चिडायचे. एकदा म्हणाले, "तुमचे टीव्हीवरचे हिरो वाऱ्याने पडतात, आणि पडले की लोळतात. आमच्या पोरी पडल्या की उठतात."

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं, फोन कट झाला.

मग तुम्ही म्हणालात, "आमच्या म्हणालीस."

"मग?"

"माझ्या पोरींना कधी आमच्या म्हणाली नाहीस. पन्नास वर्षं. कायम ‘बायच्या पोरी’."

त्याला उत्तर होतं, बाय. माझ्याकडे त्याच क्षणी तयार होतं. त्या तुमच्याच होत्या. तुम्ही दारं ठोठावून, शब्द देऊन, एकेक करून उभ्या केलेल्या. मी कोण? गोलामागे सुकट राखणारी. तुमच्या वाटणीचं माझं म्हणायची माझी छाती नव्हती. हे तेव्हा म्हणायचं, तर मी म्हणाले, "कुकर लावलाय, ठेवते."

कुकर लावला नव्हता.

त्यानंतर सोमवारचे फोन छोटे होत गेले. तब्येत, औषधं, ठेवते. खेळाचा विषय दोघीही टाळायला लागलो. चिडवणारं माणूस चिडवायचं थांबलं की घर किती सुनं होतं, हे फोनवरही कळतं.

म्हणून त्या रविवारी सानिकाच्या स्पर्धेला तुम्ही आपणहून येते म्हणालात तेव्हा मी दोन वेळा विचारलं, "नक्की?" सत्त्याहत्तराव्या वर्षी, धाप लागत असताना, हरेशच्या रिक्षातून तुम्ही आलात. हाच हरेश तुम्हाला वीस वर्षं मॅचना नेत-आणत होता. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. मी हळूच म्हणाले, "आज शिट्टी दुसऱ्याची आहे." तुम्ही म्हणालात, "असू दे. सवय आहे."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तुम्ही सेमीफायनल पाहिलीत. परीक्षेला पर्यवेक्षक बसतो तशा. "मागेच का देते?" "नियम आहे." "पाडलं तर फाउल नाही?" "नाही." "हं." मला तुमच्याकडून पास व्हायचं होतं. सत्तरी उलटलेली बाई, आणि निकालाची वाट बघत होते.

शेवटच्या मिनिटाला आपल्याच रेषेजवळ बॉल सुटला आणि सानिकाने उचलला. पोटाशी आवळला आणि सुटली. समोरून पोरी आल्या, ही त्यांच्या मधून. एकीने जर्सी ओढली, एकीने कंबर धरली, हिने बॉल सोडला नाही. अख्खं मैदान पार करून तिने पलीकडच्या रेषेमागे बॉल टेकवला. ट्राय! तुमच्या भाषेत गोल! मी खुर्चीवर उभी राहून काय ओरडत होते मलाच कळत नव्हतं. मोठ्या अभिमानाने मागे वळले, तर तुम्ही रुमाल तोंडाशी दाबून बसला होता. डोळ्यांतून घळाघळा पाणी. खांदे हलत होते.

"बाय, काय झालं?"

तुम्ही हाताने मला "काही नाही" केलंत, उठलात आणि हरेशला खूण केलीत. मी म्हणाले, "अहो, फायनल आहे अजून." तुम्ही वळला नाहीत. मी हाक मारली, तरी नाही. रिक्षा धुळीत गेली.

मी उभी राहिले तिथेच. तुमच्या हाताखालची पोर दुसऱ्याच खेळात अशी चमकताना बघून तुमचं काळीज फाटलं असणार. आणि मी काय करत होते, तर खुर्चीवर चढून नाचत होते. फायनल आम्ही हरलो. मला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी फोन आला तो तुमच्या शेजारणीचा. तुम्हाला दवाखान्यात हलवलं होतं. मी पोचले तोवर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायची बंदी. दोन दिवस नुसती बसून राहिले. तिसऱ्या दिवशी धीर केला. वाकून विचारलं, "बाय, रागावलात का माझ्यावर?"

तुम्ही डोळे उघडलेत. मग दोन्ही हात उचलून पोटावर घट्ट आवळलेत आणि अंग जरासं डोलवलंत. डावीकडे, उजवीकडे. पुन्हा तसंच केलंत. डोळे माझ्यावर रोखलेले.

मी काय केलं असेल? धावत सिस्टरला बोलावून आणलं. "यांच्या पोटात दुखतंय हो!" त्यांनी पोट दाबून पाहिलं, डॉक्टर आले, त्यांनीही दाबून पाहिलं. तुम्ही मान भिंतीकडे फिरवलीत. मोकळा गोल समोर असताना पोरीने बॉल बाहेर मारला की तुम्ही अशीच मान फिरवायचात. तीच मान. मी ओळखली, पण अर्थ लागला नाही.

शुक्रवारी तुम्ही गेलात.

तुमच्या जुन्या पोरी आल्या होत्या. नातवंडं झालेल्या, केस पिकलेल्या. त्यातल्या एकीने माझ्याकडे बघून विचारलं, "सुकटवाल्या वहिनी ना तुम्ही?" स्मशानातून माणसं नुकती परतलेल्या घरात आम्ही दोघी हसलो. लोकांनी बघितलं. बघू देत.

काल तुमच्या घरी गेले होते, कपाट आवरायला. शिट्टी घेतली, बाकी काही घेतलं नाही. खाली उतरले तर हरेश रिक्षा घेऊन उभा. म्हणाला, "काकी, सोरतो ना घरी." रिक्षा स्टँड ओलांडून गेली. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "काकी, त्या दिवशी टीचर लय हसत व्हत्या ओ."

"हसत?"

"मंग! रुमाल तोंडात कोंबलेला, तरी थांबत नाय. मी बोललो, फायनल तरी बगा. तर बोलल्या, ‘नको. गुलाबसमोर हसली तर डोक्यावर बसंल माज्या. सोमवारी फोनवर सांगते.’ मना वाटला, तुमाला फोन केला असंल."

मी म्हणाले, "नाही रे. सोमवार राहिला आमचा."

हरेशने रिक्षा कडेला घेतली. दोन्ही हात हँडलवरून काढले आणि पोटाशी आवळून मला दाखवले, अगदी तसेच.

"असे हात धरलं न् बोलल्या, ‘हरेश, आमच्या गुलाबनं पन्नास वर्सांपूर्वी असाच बॉल धरला व्हता. अर्ध्या शेतापरत पोचली व्हती. मीच शिटी मारली. नव्हती मारायला पायजे. पळू द्यायला पायजे व्हती तिला.’"